देवपुरातलं टायपिंगचं दुकान, जिथे आलेख शब्दांत लिहून मिळतात

धुळ्यात देवपूरला कॉलेजकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका बोळात टायपिंगचं छोटं दुकान आहे. बोर्डावर दुकानाचं नावच नाही, मैत्रिणीने वाचून सांगितलं तेव्हा कळलं की 'टायपिंग, झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग' एवढंच लिहिलंय, म्हणून मी पण इथे नाव देऊ शकत नाही. पण रिव्ह्यू लिहायचा तर याच दुकानाचा हे कधीचं मनात होतं, कारण गेलं दीड वर्ष मी इथून जे काम करून घेतेय ते मला दुसरीकडे कुणीच करून दिलं नव्हतं. इथल्या ताई पुस्तकातले ग्राफ आणि चार्ट शब्दांत लिहून देतात.

मला जन्मापासून दिसत नाही. गाव साक्री तालुक्यात, इथे देवपुरात रूम करून राहते, एम.ए. इकॉनॉमिक्सचं दुसरं वर्ष चालू आहे आणि सोबत नेटची, म्हणजे प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या पात्रता परीक्षेची तयारी. लॅपटॉपवर एनव्हीडीए आहे, फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, ऑस्ट्रेलियातल्या एका अंध मुलाने २००६ मध्ये तो बनवायला घेतला आणि आज माझ्यासारख्या कितीतरी जणांचं शिक्षण त्याच्यावर चाललंय. मजकूर असला की तो मराठीत पण धडाधड वाचतो. पण आकृती आली की नुसतं 'ग्राफिक' म्हणतो आणि पुढच्या परिच्छेदावर जातो. आता इकॉनॉमिक्स म्हणजे पहिल्या धड्यापासून आलेखच आलेख, मागणी वक्र, पुरवठा वक्र, खर्चाचे वक्र, लॉरेंझ, फिलिप्स, आणि पुस्तकात खाली वाक्य काय असतं तर 'आकृतीवरून हे स्पष्ट होते की'. मला कुठून स्पष्ट होणार? मैत्रिणींना वाचायला सांगायचे तर त्या बिचाऱ्या म्हणायच्या, अगं एक रेष आहे, अशी वर चाललीय, मग थोडी वाकलीय, मग परत वर. अशी म्हणजे कशी, किती वर, कुठून कुठे, हे विचारलं की त्यांना पण सांगता यायचं नाही. बी.ए.ची तिन्ही वर्षं मी आलेखाचे प्रश्न सोडून पेपर लिहिलेत आणि ते मार्क गेल्याचं मला अजून वाईट वाटतं.

ताईंकडे मी पहिल्यांदा गेले ती असाइनमेंट टाइप करायला. त्यात दोन आलेख होते, मी सहज विचारलं की ताई हे चित्र तुम्ही शब्दांत लिहून द्याल का, मला हवंय. त्यांनी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी लिहून दिलं पण. ते पहिलं वर्णन अजून माझ्याकडे आहे, त्यात लिहिलं होतं की निळी रेषा वर जाताना दिसते व लाल रेषा खाली येताना दिसते, दोन्ही रेषा मध्यभागी छेदतात, आकृती सुबक आहे. मी ऐकलं आणि गप्प बसले. ताईंनी विचारलं, "बेटा, तुले समजनं का?" मी खरं सांगितलं की नाही समजलं. इथे दुसरं कुणी असतं तर म्हटलं असतं की मग मी काय करू, पैसे द्या. ताईंनी स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "मंग माले सांग, कसं लिखू?"

त्या दिवशी आम्ही दोघी दुकान बंद होईपर्यंत बसलो. आणि मलाही तोवर नीट सांगता येत नव्हतं की मला नक्की काय हवंय, सांगता सांगताच कळत गेलं. निळी रेषा म्हणजे कुठली, मागणीची की पुरवठ्याची, ते आधी पाहिजे. आडव्या अक्षावर काय मोजलंय आणि उभ्यावर काय, एकक कुठलं, किती पासून किती पर्यंत. रेषा डावीकडून सुरू होताना कुठे असते आणि उजवीकडे संपताना कुठे. रंग मला नको असं मी आधी म्हटलं होतं पण नंतर तो पण ठेवायला सांगितला, कारण वर्गात सर म्हणतात 'लाल रेषा बघा' आणि बाकीच्या मुली पण तसंच बोलतात, मग मला माहीत पाहिजे ना की लाल म्हणजे पुरवठा. फक्त रंग नावाच्या मागून यायला हवा, नावाच्या जागी नाही.

आता त्यांची पद्धत अशी बसलीय. पहिल्या एक-दोन वाक्यांत अख्खी आकृती, म्हणजे कुठल्या प्रकारचा चार्ट, कशाचा, कुठल्या काळातला, आणि एकूण काय घडतंय. मग अक्ष. मग आकाराचं वर्णन, कुठे चढतो कुठे उतरतो कुठे सपाट होतो, सगळ्यात जास्त कुठे, सगळ्यात कमी कुठे, गटात न बसणारा एखादा बिंदू असला तर तो. आणि सगळ्यात खाली आकड्यांचा तक्ता, आकडे पुस्तकात दिलेले असले तरच, अंदाजाने काढलेले असले तर त्या 'अंदाजे' असं स्वच्छ लिहितात. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. डोळ्याने बघणाऱ्याला पूर्ण चित्र एका नजरेत येतं आणि मग तो हवं तिथे बघतो, मला एका मागून एक शब्द येतात, त्यामुळे पहिल्याच वाक्यात जर अमुक वर्षी इतके, तमुक वर्षी इतके सुरू झालं तर सातव्या आकड्याला पहिला विसरलेला असतो. तक्ता पाहिजेच, पण आधी चित्राचा सांगाडा उभा राहिला तर त्याच्यावर आकडे टांगता येतात.

एक उदाहरण देते म्हणजे कळेल की नुसतं लिहून देणं आणि चांगलं लिहून देणं यात काय फरक आहे. एका नोट्समध्ये आपल्या खान्देशच्या तीन जिल्ह्यांचे दोन स्तंभालेख होते, २०११ च्या जनगणनेचे. पहिला साक्षरतेचा, जळगाव साधारण ७८ टक्के, धुळे ७३, नंदुरबार ६४. दुसरा दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती त्याचा, जळगाव ९२५, धुळे ९४६, नंदुरबार ९७८. ताईंनी दोन्ही वेगवेगळे तर लिहिलेच पण वर एक वाक्य टाकलं, की पहिल्या आलेखात जळगावकडून नंदुरबारकडे जाताना स्तंभ लहान होत जातात, दुसऱ्यात त्याच क्रमाने मोठे होत जातात. बस एवढंच. मी ते वाक्य तीनदा मागे जाऊन ऐकलं. सहा आकडे मला आधीपासून पाठ होते, पण एकमेकांसमोर ठेवून कधी बघितलेच नव्हते. जिथे साक्षरता कमी तिथे स्त्रिया जास्त, सातपुड्याकडचे आदिवासी तालुके डोक्यात आले, आमच्या साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातली गावं डोक्यात आली, मी त्याच्यावर सेमिनार दिला. आणि बघा, 'आदिवासी समाजात मुलीला कमी लेखत नाहीत म्हणून' असलं कारण ताईंनी लिहिलं नव्हतं. त्यांनी आकार सांगितला, कारण मी शोधलं.

त्याच दुसऱ्या आलेखात अजून एक गोष्ट होती. ताईंनी अक्षाच्या ओळीत लिहिलं होतं, 'उभा अक्ष शून्यापासून नाही, ९०० पासून सुरू होतो'. मी रूमवर मैत्रिणीला विचारलं की तुला चित्रात काय दिसतंय, ती म्हणाली नंदुरबारचा खांब जळगावच्या तिप्पट आहे. तिप्पट! अहो ९२५ आणि ९७८, फरक सहा टक्क्यांच्या आत. पण ९०० वर पाय ठेवून मोजलं तर एक २५ उंच आणि दुसरा ७८ उंच, म्हणून तिला तिप्पट वाटलं. तिने अक्षावरचे आकडे बघितलेच नव्हते, आणि मला ते पहिल्या मिनिटाला ऐकू आले होते. त्या दिवसापासून आमच्या ग्रुपमधल्या दोन डोळस मुली पण माझ्या फाइल मागून घेतात.

दुसरं मला आवडलेलं काम म्हणजे भारताच्या लोकसंख्येचा रेषालेख, १९०१ ते २०११. रेष जवळजवळ सगळीकडे वरच जाते, आधी हळू, १९५१ नंतर जोरात, शेवटी १२१ कोटी. कुणालाही विचारा, लोक म्हणतील चढता आलेख. पण १९११ ला २५ कोटी २१ लाख आणि १९२१ ला २५ कोटी १३ लाख, म्हणजे एकदाच, एकाच दशकात ती किंचित खाली आलीय, इन्फ्लुएंझाच्या साथीचं दशक ते. १९२१ ला महाविभाजन वर्ष म्हणतात ते यासाठीच आणि परीक्षेत हा प्रश्न हमखास असतो. त्या छापील आलेखात तो उतार इतका बारीक होता की मैत्रिणींना भिंग लावूनही दिसला नसता. ताईंनी खालच्या आकड्यांशी ताडून बघितलं आणि लिहिलं, 'फक्त १९११ ते १९२१ मध्ये किंचित घट, डोळ्याला रेष सपाट वाटते'. इतकं लक्ष देऊन बघणारं माणूस पाहिजे या कामाला.

उत्पन्नाच्या वाटपातली विषमता दाखवणारा लॉरेंझ वक्र मला कधीच कळला नव्हता. ताईंनी लिहिलं ते असं, चौकोन आहे, डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात एक सरळ तिरकी रेष, ती पूर्ण समानतेची, दुसरी रेष त्याच दोन कोपऱ्यांतून निघते पण कपडे वाळत घालायची दोरी सैल सोडल्यावर जसा झोळ खाते तशी खाली झोळ खाते, झोळ जितका खोल तितकी विषमता जास्त. आणि त्यांनी खरंच काउंटरच्या दोन खिळ्यांना सुतळी बांधून माझ्या हातात दिली, एकदा ताणून, एकदा सैल. विचारलं, "आते डोकामा चित्र उभं ऱ्हायनं का?" राहिलं ना. गिनी गुणांक, म्हणजे विषमता मोजायचा आकडा, म्हणजे तो झोळ आणि सरळ रेषा यांच्यामधली जागा भागिले सरळ रेषेखालचा सगळा त्रिकोण, ही व्याख्या मी दोन वर्षं पाठ म्हणत होते, ती त्या दिवशी समजली. उपमा देताना त्या हाताला कळेल अशीच देतात, मागणी-पुरवठ्याला उघडी आडवी धरलेली कात्री, २०११ च्या लोकसंख्या मनोऱ्याला, म्हणजे वयोगटांच्या आडव्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या आलेखाला, भाकरींची चवड, आणि त्यात पण हे सांगितलं की सगळ्यात खालची भाकरी सगळ्यात मोठी नाही, ० ते ४ वयाची मुलं साधारण ११ कोटी आणि १० ते १४ ची साधारण १३, म्हणजे पाया आत आलाय.

इथे थोडं विषयांतर करते पण मला ते महत्त्वाचं वाटतं. आपल्या चाळीसगावजवळ पाटणादेवीला शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापन केला त्याचा. त्या भास्कराचार्यांचं ११५० च्या सुमाराचं एक गणित आहे, ३२ हात उंच वेळू वाऱ्याने मोडला, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला, तर वेळू किती उंचीवर मोडला? शाळेत असताना सरांनी हे तोंडी घातलं होतं आणि मी वर्गात सगळ्यात आधी सोडवलं, १२ हात. आकृती नव्हतीच मुळी, सगळं श्लोकात. आधी पूर्ण वेळू उभा केला, मग तो मोडला, मग शेंडा कुठे टेकला ते सांगितलं, एकेक गोष्ट बरोबर त्याच्या जागी येते आणि १२ उभा, १६ आडवा, २० तिरका असा त्रिकोण डोक्यात आपोआप बनतो. आणि उत्तर त्यांनी माझ्यासाठी सोडलं. ताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की मग आपण पण असंच लिहू.

उत्तर सोडणं यावर आमची बरीच बोलणी झालीत. नेटच्या पेपर १ मध्ये डेटा इंटरप्रिटेशन असतं, त्याच्या सरावाचे चार्ट मी त्यांच्याकडे नेते. सुरुवातीला त्या सवयीप्रमाणे लिहायच्या की सर्वाधिक उत्पादन अमुक वर्षी, आणि खाली पहिला प्रश्नच तो असायचा की सर्वाधिक उत्पादन कुठल्या वर्षी! मग ठरवलं की सरावाच्या चार्टला फक्त रचना, अक्ष आणि तक्ता, शोधायचं काम माझं. धड्यातल्या चार्टला मात्र पूर्ण वर्णन. अशी दोन प्रकारची ऑर्डर असते, सांगताना आधी सांगायची.

आणि स्वतःचं मत घालायची सवय, ती सगळ्यांनाच असते. एकदा कापसाच्या उत्पादनाच्या आलेखात त्यांनी लिहिलं, त्या वर्षी बोंडअळी आल्याने घट झाली. आलेखात बोंडअळी कुठेच नव्हती. त्या कापूसवाल्या घरातल्या आहेत, त्यांना माहीत असेल, खरं पण असेल, पण मला कसं कळणार की पुस्तकात काय छापलंय आणि ताईंच्या मनातलं काय. मी पेपरात तेच लिहून आले असते. अमेरिकेत एमआयटीमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये याच विषयावर काम केलंय, ३० अंध आणि ९० डोळस वाचकांना चार्टच्या वर्णनातली वेगवेगळ्या तऱ्हेची वाक्यं देऊन विचारलं की कामाचं कुठलं वाटतं. डोळस वाचकांना मागची गोष्ट सांगणारी, कारण-संदर्भ देणारी वाक्यं आवडली, अंध वाचकांपैकी बऱ्याच जणांनी म्हटलं की आम्हाला कल सांगा, आकडे सांगा, अर्थ आमचा आम्ही लावू. मी हे ताईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या म्हणजे तू एकटीच अशी हट्टी नाहीस. आता कधी काही सुचलंच तर त्या शेवटी 'टायपिस्टची टीप' असं वेगळं शीर्षक देऊन लिहितात, मला ते चालतं.

फाइलचं तंत्र. हे जे टायपिंगवाले वाचत असतील त्यांच्यासाठी जरा सविस्तर. ताई वीस वर्षं जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप करत होत्या, त्यातला मजकूर कागदावर छान मराठी दिसतो पण स्क्रीन रीडर त्याला मराठी समजतच नाही, काहीतरी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बडबडतो. म्हणून युनिकोड पाहिजे, त्यात टाइप केलेलं मराठी कॉम्प्युटरला पण मराठीच असतं. त्यांची बोटं टाइपरायटरच्या कीबोर्डची, नवीन शिकायचं टेन्शन होतं, पण तोच रेमिंग्टन लेआउट युनिकोडमध्ये पण मिळतो, एका मुलाने टाकून दिला आणि प्रश्न संपला. लांब वर्णन चित्राच्या ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे चित्राला आतून जोडलेल्या, स्क्रीन रीडर वाचतो त्या मजकुरात, कोंबायचं नाही, कारण ते एका दमात वाचलं जातं, मध्ये थांबून एक ओळ मागे जाता येत नाही. ऑल्ट टेक्स्टमध्ये एकच ओळ, 'लॉरेंझ वक्र, वर्णन खाली आहे', आणि खरं वर्णन खाली साध्या परिच्छेदात. प्रत्येक आकृतीला हेडिंग लावायचं म्हणजे मी एच दाबून उडी मारते. तक्ता खरा तक्ता पाहिजे, टॅब मारून बनवलेला नाही आणि तक्त्याचा फोटो तर नाहीच, मग कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाची की दाबून मी एकेक चौकट फिरू शकते. दोन चौकटी जोडून एक करायची हौस टाळायची, माझी रांग चुकते. आणि '१९६१-७१' असं नाही लिहायचं, माझ्या सेटिंगला मधली आडवी रेघ वाचलीच जात नाही, '१९६१ ते १९७१' लिहायचं. एवढ्याशा 'ते' मुळे किती फरक पडतो.

आता जे आवडलं नाही ते पण लिहिते. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस त्यांच्याकडे प्रोजेक्ट बाइंडिंगची इतकी गर्दी असते की माझं काम मागे पडतं, एकदा फाइल पेपरच्या आदल्या रात्री मिळाली, त्यात उत्पादन खर्चाचे चार वक्र होते, सरासरी खर्च आणि सीमांत खर्च कुठे छेदतात ते ऐकायला मला सकाळचे पाच वाजले. एकदा त्यांच्या पुतण्याने वर्डची फाइल प्रिंट काढून, स्कॅन करून पीडीएफ पाठवली, म्हणजे परत सगळं चित्रच! ताईंनी माफी मागून लगेच दुसरी दिली. आणि फिलिप्स वक्राचं पहिलं वर्णन फार थकवणारं होतं. १९५८ चा तो आलेख, ब्रिटनच्या १८६१ ते १९५७ च्या आकड्यांवरचा, ठिपकेच ठिपके, त्यांनी डावीकडून सुरू करून प्रत्येक ठिपका लिहायला घेतला होता. दोन पानं. मेहनत बघून मलाच कसंतरी झालं पण उपयोग शून्य. मग फोनवर सांगितलं की ठिपक्यांच्या आलेखात ठिपका नको, थवा सांगा, थवा कुठून कुठे जातो, दाट आहे की विखुरलेला, कुणी एकटा बाहेर पडलाय का. दुसऱ्यांदा जे आलं ते चार ओळींचं होतं, बेकारी आडव्या अक्षावर, मजुरी वाढण्याचा दर उभ्यावर, वक्र डावीकडून उजवीकडे उतरतो, आधी एकदम तीव्र, मग पसरत जवळपास आडवा होतो. पुरे ना.

मोबाईलवरच्या एआयने फोटो वाचून का घेत नाहीस असं बरेच जण विचारतात. घेते ना, गावाला असले की घेतेच, तिथे दुसरं कोण आहे. ओळख करून द्यायला ते चांगलं आहे, हा पाय चार्ट आहे, पाच भाग आहेत, शीर्षक असं आहे, दहा सेकंदात सांगतं. पण एका अ‍ॅपने मला पाय चार्टचे पाच भाग सांगितले त्यांची बेरीज ११२ टक्के होत होती, आणि आवाज इतका ठाम की मी बेरीज केली नसती तर कळलंच नसतं. मला उलटून तपासता येत नाही हीच तर अडचण आहे. ताईंना एखादा आकडा पुसट दिसला तर त्या लिहितात की पुसट आहे, ६ किंवा ८. मला तो प्रामाणिकपणा शंभर रुपये जास्त देऊन पण चालेल.

दर सांगते, साधा स्तंभालेख किंवा पाय चार्ट २० रुपये, अनेक रेषांचा किंवा ठिपक्यांचा ५० रुपये, तक्ता त्यातच. त्यांच्या वेळेच्या मानाने हे फारच कमी आहे, मी स्वतः दोनदा वाढवा म्हटलं. पण हे पण लिहिलंच पाहिजे की हे पैसे विद्यार्थ्याने का द्यायचे? दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, त्यात माहिती आम्हाला वाचता येईल अशा स्वरूपात मिळायला हवी असं आहे. पुस्तक लिहिणाऱ्या सरांनी आकृती काढतानाच खाली चार ओळी लिहिल्या तर खर्च काहीच नाही, आणि ती आकृती कशासाठी काढलीय हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? ताई अर्थशास्त्र शिकलेल्या नाहीत, बारावी झाल्यात, तरी त्या मला विचारून विचारून लिहितात. माझ्या एका सरांनी ताईंची फाइल ऐकली आणि आता ते फळ्यावर आकृती काढताना तोंडाने पण बोलतात, उभ्या अक्षावर किंमत घेतली, आडव्यावर नग घेतले, आता वरून डावीकडून खाली उजवीकडे रेष ओढतोय. वर्गात मागच्या बाकावर बसणारी मुलं म्हणतात आता आम्हाला पण कळतं. गेल्या सेमिस्टरला मी आलेखाचे तिन्ही प्रश्न घेतले, रायटरला, म्हणजे परीक्षेत माझ्यासाठी पेपर लिहिणाऱ्या मुलीला, मीच सांगत होते की अक्ष इथे आख, रेष इथून इथे ने, इथे छेद दे, आणि रायटर म्हणाली तू तर बघून सांगितल्यासारखं सांगतेस.

माझ्याकडून पाचपैकी पाच, परीक्षेच्या दिवसांत चार.

ज्यांना काम द्यायचंय त्यांच्यासाठी, दुकान सकाळी दहाला उघडतं, दुपारी दीड ते चार बंद, संध्याकाळी आठपर्यंत, रविवारी सुट्टी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो चालतो पण सरळ वरून काढलेला, सावली न पडलेला, आणि नुसत्या आकृतीचा नको, आधीचं आणि नंतरचं पान पण द्या, कारण पुस्तकाने त्या आकृतीबद्दल काय म्हटलंय ते वाचूनच ताई लिहायला घेतात. धडा आहे की सराव ते आधी सांगा. फाइल मिळाली की त्यांच्यासमोर बसून एकदा ऐका आणि जे डोक्यात उभं राहत नाही ते तिथेच सांगा, त्या लगेच बदलून देतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. परीक्षेचं काम असेल तर महिनाभर आधी जा.